अकरा वाजता खाली येतेस?

पाकिटावरचा फोटो बघून सिगरेट सोडलेला माणूस मला अजून भेटायचाय. एप्रिल २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग त्या भयानक फोटोने आणि इशाऱ्याने व्यापलाय, तोही दोन्ही बाजूंनी. त्यावर आमच्या ग्रुपमधल्या एका महाभागाने काय करावं? टपरीवाल्या मामांना तो सांगायचा, "मामा, घशावालं नको, दुसऱ्या फोटोचं द्या."

तेव्हा माहितीचा काही प्रॉब्लेम नाहीये, मंडळी. फुप्फुसांचं काय होतं, हृदयाचं काय होतं, सगळं पाठ आहे. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर ५० वर्षं चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये आले. तिशीत सोडली तर आयुष्याची साधारण १० वर्षं परत मिळतात, चाळिशीत सोडली तर ९. हेही मला पाठ होतं, आणि हे मी लोकांना ऐकवायचे ते हातात पेटलेली सिगरेट धरून. २०१६-१७ च्या देशव्यापी सर्वेक्षणात सिगरेट-बिडी ओढणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोकांनी सांगितलं होतं की सोडायचं मनात आहे. म्हणजे टपरीवरचा प्रत्येक दुसरा माणूस मनातल्या मनात कधीच निर्व्यसनी झालेला असतो!

मीही दहा वर्षं त्यातलीच. हो, 'त्यातलीच'. मुलगी आहे. भुवया खाली आणा, पुढे बरंच वाचायचंय.

आधी केमिस्ट्री उरकून घेऊ, कारण ती सोपी आहे. झुरका मारल्यापासून १० ते २० सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. मेंदू खूश. पण साधारण दोन तासांत रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं आणि मग चुळबूळ सुरू. कीबोर्ड टोचायला लागतो, शेजारच्याचं च्युइंगम ऐकू यायला लागतं. तुम्ही खाली जाता, पेटवता आणि म्हणता, 'आह! टेन्शन गेलं.' टेन्शन कुठलं, तर आधीच्या सिगरेटने लावून दिलेलं. एक कर्ज फेडायला दुसरं कर्ज काढायचं आणि हप्ता भरल्याच्या आनंदात राहायचं, असला हा फंडा. दिवसाला सात-आठ हप्ते.

पण यातली गंमत अशी की सोडल्यावर हा सगळा तमाशा फार दिवस चालत नाही. पहिले दोन-तीन दिवस जाम वाईट. चिडचिड, झोपेचं खोबरं, कशातच लक्ष नाही. मग हळूहळू ओसरतं आणि तीन-चार आठवड्यांत बरंचसं निवळतं. सगळा खेळ निकोटिनचाच असता, तर महिनाभर दात-ओठ खाल्ले की माणूस मोकळा व्हायला हवा होता.

मग अडतं कुठे?

मला याचं उत्तर लॉकडाऊनने दिलं. मार्च २०२० मध्ये मी पुण्यातली रूम सोडून साताऱ्याला आई-अण्णांकडे गेले. लॅपटॉप, दोन जीन्स आणि सॅकच्या आतल्या कप्प्यात अर्धं पाकीट. ते चार दिवसांत संपलं, गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे. नंतर मिळायचा प्रश्नच नव्हता. पहिला आठवडा मी कुकरच्या शिट्टीवरूनही आईशी भांडले. आणि मग? मग काही नाही. खरंच काही नाही. आठवणसुद्धा नाही. कॉल चालू, डेडलाइन चालू, क्लायंटची बोंबाबोंब चालू, पण अकरा वाजता काही म्हणजे काही व्हायचं नाही. अकरा वाजता आई पोहे आणून ठेवायची. तेवीस महिने मी एकही सिगरेट ओढली नाही आणि त्यासाठी मी कणभरही कष्ट घेतले नव्हते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये ऑफिस उघडलं. पहिला दिवस. नवीन आयडी कार्ड, नवीन सॅनिटायझर, जुनीच खुर्ची. अकरा वाजायला पाच मिनिटं असताना चॅटवर एक शब्द आला : 'खाली?'

तेवीस महिने ज्या गोष्टीची आठवण नव्हती ती बोटांत येऊन उभी राहिली. बोटांत हं, डोक्यात नाही. लिफ्टमध्येच तोंडाला पाणी सुटलं, पावलोव्हच्या कुत्र्याला घंटा ऐकून सुटायचं तसं. मामांनी मला बघितलं. "काय ताई, लय दिवसांनी!" म्हणत काहीही न विचारता एक गोल्ड फ्लेक आणि पेपरमिंटची एक गोळी काउंटरवर ठेवली. त्यांना माझा ब्रँड आठवत होता. ऑफिसमधल्या अर्ध्या लोकांना माझं आडनाव आठवत नव्हतं.

शरीरातलं निकोटिन तर कधीच संपलेलं होतं. तेवीस महिन्यांत त्याचा पत्ता लागणार कुठून? मी जिथे परत आले ती सिगरेट नव्हती, ती जागा होती.

त्या जागेबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण सोडण्याचे सल्ले देणाऱ्यांनी ती बहुधा बघितलेली नसते. आपल्याकडे सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदीचे नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. गांधी जयंतीचा मुहूर्त. ऑफिसातली सिगरेट गेटबाहेर गेली. चांगलंच झालं, न ओढणाऱ्यांची सुटका झाली. पण त्यातून नकळत एक नवी संस्थाही फोफावली. आयटी पार्कच्या गेटबाहेरची टपरी. चहा, क्रीमरोल, खारी, सिगरेट. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगरेट विकायला बंदी आली खरी, पण टपरीवर दोरीला बांधलेला तो लायटर बघितलात तर कळेल की बंदी कुठपर्यंत पोचलीय ते.

त्या लायटरवर माझं प्रेम आहे. तो बांधलेला असतो, आणि दोरी आखूड असते. त्यामुळे व्हाइस प्रेसिडेंट असो की ट्रेनी, पेटवताना प्रत्येकाला मान वाकवावीच लागते. वर सहाव्या मजल्यावर ज्या माणसाच्या कॅलेंडरमध्ये पंधरा मिनिटं मिळवायला मला दोन आठवडे लागायचे, तो खाली मला विचारायचा, "लायटर झाला का तुझा?" कोणाचं प्रमोशन अडलंय, कुठला प्रोजेक्ट बंद होणार, ऑनसाइट कोण जाणार, सगळं खाली कळायचं. वरच्या मीटिंगमध्ये त्यावर फक्त सही-शिक्का.

आणि मुलीसाठी तर ती जागा आणखीच वेगळी. आपल्या शहरात मुलगी रस्त्याच्या कडेला नुसती उभी राहू शकत नाही. करून बघा. बस, रिक्षा, मैत्रीण, फोन, काहीतरी कारण हातात लागतं, नाहीतर चार गाड्या हळू होतात. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी २०११ मध्ये 'व्हाय लॉइटर?' हे अख्खं पुस्तकच मुंबईतल्या बायकांच्या याच अडचणीवर लिहिलं. टपरीवर माझं पहिलं वर्ष नुसतं नजरा झेलण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी नजरा कंटाळल्या. तिसऱ्या वर्षी मामांनी आतून एक निळं प्लास्टिकचं स्टूल काढून दिलं आणि एका नव्या पोराला सांगितलं, "ऊठ रे, ताईंचं आहे ते." पुण्यासारख्या शहरात, भर रस्त्यावर, माझ्या नावाचं स्टूल! ते मी कमावलं होतं. आता तुम्ही मला सांगणार की 'फक्त दहा सेंटिमीटरची कांडी सोडायचीय, विल पॉवर लागते.' जाऊ द्या हो.

हे सगळं मला नीट कळलं ते मात्र अण्णांमुळे.

अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. तंबाखू खायचे. आपण सिगरेटवाले स्वतःला उगाच ग्लॅमरस समजतो, पण खरा महाराष्ट्र मळणाऱ्यांचा आहे. मघाशी सांगितलेल्या सर्वेक्षणात राज्यातले धूम्रपान करणारे प्रौढ होते ३.८ टक्के, आणि बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. आजोबांची कापडी चंची, अण्णांची स्टीलची डबी, माझं पाकीट. घराण्याची परंपरा म्हणा हवं तर. अण्णांच्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, बंद करा. तीन वर्षं अण्णांनी प्रयत्न केले. लवंग, बडीशेप, विठोबाची शपथ. जमलं नाही. २०१६ ला रिटायर झाले आणि दोन-तीन महिन्यांत डबी कपाटावर गेली ती गेलीच.

लॉकडाऊनमध्ये एकदा गच्चीवर मी त्यांना विचारलं, "अण्णा, तुम्ही सोडली कशी हो?"

"सोडली न्हाई गं. सुटली," अण्णा म्हणाले. "डेपोत दहा जण बसायचो. एकानं मळली की दहा हात पुढं यायचे. कुणी नवखा आला तर तोबी हात पुढं करायचा. न्हाई कुणाला म्हणणार? आणि आपण हात पुढं केला न्हाई तर म्हणायचे, काय झालं, रागावलास काय? आता घरी कोण मळतंय? तुझी आई?"

मी हसले. ते हसले नाहीत. टाकीकडे बघत म्हणाले, "तुझ्या तिथंबी दहा जण असतील."

मी गप्प. "अगं, तीस वर्षं गाडी चालवली मी. कंडक्टर मागच्या सीटवर बिडी ओढून आला की मला आरशात न बघता कळायचं."

एवढंच. त्यांनी ना आईला सांगितलं, ना मला शपथ घातली. पण 'दहा हात' माझ्या डोक्यातून गेले नाहीत. ओळख ना पाळख, एसटीत शेजारी बसलेल्या माणसाकडेही आपल्याकडे तंबाखू मागता येते. पाणी मागताना संकोचेल असा माणूस तंबाखू बिनदिक्कत मागतो. अण्णांना सोडायची होती ती तंबाखू, आणि सुटत नव्हते ते दहा हात.

म्हणून २०२३ मध्ये मी ठरवलं तेव्हा सुरुवात साताऱ्यात केली. जिथे एकदा आपोआप सुटली होती तिथेच. मे महिन्यात तीन आठवडे वर्क फ्रॉम होम मागून घेतलं. सोबत औषधाच्या दुकानातून २ मिलिग्रॅमचं निकोटिन च्युइंगम. त्याबद्दल एक सांगते, कारण बहुतेक जण ते चुकीचं खातात आणि 'काही उपयोग नाही' म्हणून सोडून देतात. ते नेहमीच्या च्युइंगमसारखं सटासट चावायचं नसतं. थोडं चावायचं, जिभेला चुरचुरलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं, चुरचुर कमी झाली की परत चावायचं. निकोटिन गालातून शोषलं जातं, पोटातून नाही. आणि खाण्याच्या पंधरा मिनिटं आधीपासून चहा-कॉफी बंद. मी आरशासमोर गाल फुगवून प्रॅक्टिस करत होते तेव्हा अण्णा मागून म्हणाले, "म्हणजे शेवटी तूबी गालातच ठेवायला लागलीस!"

जूनमध्ये परत आले. भर पावसात. पाऊस, चहा आणि टपरीचा पत्रा वाजतोय. पावसाळ्यात सिगरेट सोडणाऱ्याला शौर्यपदकच द्यायला हवं. मी सरळ उपाय केला : खाली जाणंच बंद. अकरा वाजता जागेवर बसायचं, पाण्याची बाटली, च्युइंगम आणि मशीनचा चहा.

त्या चहाने एक वेगळाच शॉट दिला. तिसऱ्या कपानंतर हात थरथरायचे, रात्री दोनपर्यंत झोप नाही, छातीत धडधड. मला वाटलं, ही सिगरेटची आठवण. डॉक्टर मैत्रिणीने फोनवर विचारलं, "चहा किती?" त्यामागचं कारण ऐकून मी थक्क झाले. सिगरेटच्या धुरातले काही घटक यकृताला कॅफीन भराभर संपवायला लावतात. त्यामुळे ओढणाऱ्याला पाच कप पचून जातात. सिगरेट सोडली की यकृताचा वेग उतरतो आणि तेच पाच कप अंगात जवळजवळ दुपटीने रेंगाळतात. आपण समजतो निकोटिन छळतंय, आणि छळत असतो चहा. निम्म्यावर आणला, आठवड्यात हात थांबले. हे पाकिटावर छापा की!

(पाकिटावर आणखी एक कामाची गोष्ट असते, ती कोणी वाचत नाही. १८००-११-२३५६ हा सरकारी क्विटलाइनचा टोल फ्री नंबर, २०१६ पासून चालू आहे. रात्री अकराला ज्यांच्याशी बोलावं असं कोणी सुचत नाही, त्यांनी सकाळी तिथे फोन करावा.)

शरीराचं असं मार्गी लागत होतं. सहाव्या आठवड्यात जिना चढताना फरक कळायला लागला. ओढणीला वास येईना. मी फुल टू खूश. आणि त्याच आठवड्यात माझ्या शेजारच्या रांगेतला टेस्टिंगवाला पंधरा दिवसांच्या रजेवर गेला. कुठे गेला विचारलं, तर टीममधली मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. "तुला माहीत नाही? त्याचा डिव्होर्स होतोय. एप्रिलपासून चाललंय."

आठ वर्षं आम्ही एका पाकिटात ओढत होतो. त्याच्या लग्नात मी पंगतीत वाढलंय. सगळ्या टपरीला माहीत होतं. चहा देणाऱ्या मामांच्या पोरालाही माहीत होतं. तो परत आला तेव्हा मी त्याला पँट्रीत गाठलं आणि चिडूनच विचारलं, एक मेसेज नाही टाकता आला?

तो म्हणाला, "अगं, असं मेसेजवर काय सांगणार? वाटलं होतं बोलावं. पण तू खाली येतच नव्हतीस."

मला सगळ्यात जास्त सिगरेट ओढावीशी वाटली ती त्या क्षणी. पहिल्या तीन दिवसांत नाही, पावसात नाही, अप्रेझलच्या दिवशी नाही. त्या क्षणी. आणि ती तल्लफ निकोटिनची नव्हतीच, तेव्हा च्युइंगम खाऊन भागणारही नव्हती.

दुसऱ्या दिवशी अकराला मी खाली गेले. मामांचा हात सवयीने पाकिटाकडे गेला. "नुसता चहा, मामा. अर्धा." मामांनी एकदा माझ्याकडे, एकदा पाकिटाकडे बघितलं आणि गोळी मात्र ठेवली. स्टूल वाऱ्याच्या उलट्या बाजूला ओढून बसले. पहिले दोन आठवडे भयंकर गेले, खोटं कशाला बोलू? प्रत्येक जण प्रेमाने पुढे करायचा. "एक झुरका घे गं, एकाने काय होतंय?" दहा हात, अण्णा म्हणाले तसे. 'नाही' म्हणताना आपण सिगरेटला नाही म्हणतोय की माणसाला, हे समोरच्याला कळत नाही, आणि पहिल्यांदा आपल्यालाही कळत नाही. पण टेस्टिंगवाला बोलायला लागला. रोज थोडं थोडं. वकील, पोटगी, आईची तब्येत. मी चहा धरून ऐकायचे. तो एकीवर दुसरी पेटवायचा. एक दिवस म्हणाला, "तुझ्यासमोर ओढायला लाज वाटायला लागलीय यार."

अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या अभ्यासातल्या १२,०६७ लोकांची १९७१ ते २००३ अशी बत्तीस वर्षांची माहिती निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी तपासली होती. २००८ मध्ये ती छापून आली. लोक एकेकटे सिगरेट सोडत नाहीत, घोळक्याने सोडतात, असं त्यात दिसलं. नवऱ्याने किंवा बायकोने सोडली तर दुसऱ्याची ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटते, मित्राने सोडली तर ३६, आणि छोट्या ऑफिसातल्या सहकाऱ्याने सोडली तर ३४ टक्क्यांनी. मी ते वाचलं तेव्हा मला डेपो दिसला. अण्णांना फ्रॅमिंगहॅम कुठे आहे ते माहीत नाही, पण हिशेब त्यांचाही तोच होता.

टेस्टिंगवाल्याने त्याच दिवाळीनंतर सोडली. मध्ये दोनदा परत धरली, मग पुन्हा सोडली. त्याच्यामागून एचआरमधली एक जण. बाकीचे तिघे अजून ओढतात, मजेत ओढतात, आणि आमचे चांगले दोस्त आहेत. मंगळवारी आणि शुक्रवारी आम्ही सगळेच मामांकडे असतो. बाकीचे तीन दिवस मात्र आम्ही तिघं अकरा वाजता गेटमधून बाहेर पडून डावीकडे वळतो. टपरी उजवीकडे आहे. डावीकडे काही नाही. एक अर्धवट बांधलेली बिल्डिंग, गुलमोहराची चार झाडं, आणि एक कुत्रं जे आता आमच्याबरोबर चालतं. बिल्डिंगला वळसा घालून यायला पंधरा मिनिटं लागतात.

मागच्या महिन्यात मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. काळजीच्या सुरात विचारलं, "सगळं ओके आहे ना? नाही, तुम्ही तिघं रोज अकराला पंधरा मिनिटं जागेवर नसता. कशासाठी जाता नक्की?"

दहा वर्षं मी रोज सात-आठ वेळा खाली जात होते. कधी एकदाही कोणी विचारलं नव्हतं.